नऊ नंबरची पांढरी चड्डी

अक्का एका लॉन्ड्रीत कामाला होत्या. धुवायला आलेल्या कपड्यांतले हट्टी डाग ज्या टेबलावर वेगळे काढून घालवतात, त्या टेबलाशी त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. शाईचा डाग, गंजाचा डाग, चहाचा डाग, हे कुणीही ओळखतं. अक्का त्याच्या पुढच्या होत्या. चहा बसून सांडला की चालताना, स्वतः सांडला की शेजाऱ्याने, आणि सांडल्यावर माणसाने आधी शर्ट पुसला की आधी फोन, एवढं सगळं त्या कापड उजेडाकडे धरून सांगायच्या. एकदा कोट घेऊन आलेल्या एका गृहस्थाला त्यांनी सहज विचारलं, "परवा दात काढलात का?" तो बिचारा गालावर हात ठेवून बघतच राहिला. पुन्हा काही तो त्या लॉन्ड्रीत आला नाही.

अशा या अक्कांना व्यसन म्हणाल तर एकच होतं, शहराचा फुटबॉल संघ. संघ दुसऱ्या विभागातला. अक्का सोळा वर्षांच्या असताना त्याने एक चषक जिंकला होता, आणि त्यानंतरची अडतीस वर्षं तो दम खात होता. लहानपणी अक्का वडिलांचं बोट धरून प्रत्येक सामन्याला जायच्या. लॉन्ड्रीत लागल्यापासून ते बंद झालं, कारण हॉटेलांच्या चादरींचा डोंगर नेमका शनिवारी दुपारी यायचा आणि सामनेही शनिवारी दुपारीच असायचे. अक्का रेडिओ लावायच्या, पण चादरी वाळवणाऱ्या यंत्राच्या घरघरीत निवेदकाचं बोलणं बुडून जायचं. तो किंचाळला की गोल झाला एवढं कळायचं. कुणावर झाला, ते संध्याकाळी यजमान घरी आले की त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं.

यजमान वीजमीटरचे आकडे टिपायच्या नोकरीतून निवृत्त झाले होते. मैदानात त्यांची जागा वर्षानुवर्षं एकच, खांबामागची. खांब असा मोक्याच्या ठिकाणी होता, की डावीकडचा गोल त्याच्याआड पूर्ण झाकला जायचा. मान फारच वाकडी केली तर गोलरक्षकाचा एक बूट दिसायचा.

"जागा बदलून घ्या की," अक्का म्हणायच्या.

"कशाला? या जागेवरून निम्मंच दुःख दिसतं," यजमान म्हणायचे.

हंगाम सुरू होण्याआधीचे दिवस मात्र दोघांच्या आयुष्यातले सोन्याचे. एकही सामना झालेला नसला की वर्तमानपत्रातला गुणतक्ता अक्षरक्रमाने लागतो, आणि संघाचं नाव 'अ'पासून सुरू व्हायचं. यजमान दर वर्षी तो तक्ता कापून फ्रिजवर चिकटवायचे. "बघ, पहिल्या नंबरावर आहोत," ते आल्यागेल्याला दाखवायचे. पहिला सामना होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. यंदा तर कोच नवा होता, गोलरक्षक नवा होता, आणि नऊ नंबरची जर्सी घालणारा एक नवा उंच पोरगेला खेळाडू आला होता, जो म्हणे खोऱ्याने गोल करणार होता. यजमानांनी यंदा तक्ता दोन ठिकाणी चिकटवला.

पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी लॉन्ड्रीचे मालक अक्कांच्या टेबलापाशी आले. मालकांना खेळातलं काडीचं कळायचं नाही. त्यांचा जीव फक्त चादरींत.

"अक्का, रविवारपासून एक नवं गिऱ्हाईक आहे. ते चेंडूवाले."

"कोण चेंडूवाले?"

"ते नाही का, मैदानावर खेळतात ते. त्यांच्याकडचं मशीन बंद पडलंय, वर्षभर आपल्याकडे कपडे टाकणार म्हणे. फार घाण असतात हो. मी नाहीच म्हणणार होतो."

अक्का चादरींच्या गाठोड्यावर मटकन बसल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "नाही म्हणाला असतात, तर उद्यापासून टेबलावर तुम्हीच बसला असतात."

पहिला सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. रविवारी सकाळी दोन मोठी बोचकी आली. अक्कांनी पहिल्याची दोरी सोडली तसा इस्त्रीवाल्या बाईने पदर नाकाला लावून खिडकी गाठली. अक्का मात्र डोळे मिटून उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांनी त्या संघाच्या इतक्या जवळ आल्या होत्या.

मग त्यांनी डोळे उघडले आणि कामाला लागल्या. मोजे एका जाळीच्या पिशवीत भरून सरळ मशीनला गेले, कारण मोज्यांचे डाग कुणी काढत बसत नाही. जर्सी आणि चड्ड्या टेबलावर आल्या. सहा नंबर हा संघाचा कप्तान आणि यजमानांचा अत्यंत लाडका. त्याची चड्डी मातीने इतकी माखली होती की मूळ रंग आठवावा लागला. अक्कांचा ऊर भरून आला. गोलरक्षकाच्या जर्सीवर माती होती, पण सगळी उजव्या बाजूला. डावी बाजू कोरी. आणि मग हातात आली नऊ नंबरची चड्डी. पांढरीशुभ्र, जणू आत्ताच दुकानातून आणलेली. अक्कांनी ती उलटी केली, सुलटी केली, खिडकीत नेऊन पाहिली. जर्सीच्या कॉलरला केसांच्या जेलचा एवढासा ठिपका सोडला तर या माणसाने नव्वद मिनिटं काय केलं याचा कपड्यांवर काही पुरावा नव्हता.

संध्याकाळी त्यांनी यजमानांना विचारलं, "कालचा गोल गोलरक्षकाच्या डाव्या हाताला झाला का?"

यजमानांचा घास हातातच राहिला. "मला कसं माहीत असणार? तो खांबामागे झाला. पण पुढच्या रांगेतला जाड्या म्हणत होता, डावीकडून गेला म्हणून. तुला कुणी सांगितलं?"

"जर्सीने," अक्का म्हणाल्या.

पुढचे तीन आठवडे ती दोघं मिळून सामना जोडत होती. यजमान निम्मं मैदान सांगायचे, उरलेलं अक्का कपड्यांवरून सांगायच्या. दुसरा सामना संघ हरला. तिसराही हरला. चौथा शून्य-शून्य सुटला. फ्रिजवरचा तक्ता यजमानांनी स्वतःच्या हाताने काढून खणात ठेवला. गोलरक्षकाची डावी बाजू चारही आठवडे कोरी आणि नऊ नंबरची चड्डी चारही आठवडे पांढरी. चौथ्या रविवारी ती पाहून अक्कांचं डोकं फिरलं.

डाग निघाला नाही तर लॉन्ड्रीत गिऱ्हाइकाला एक छापील चिठ्ठी टाचून देतात. तिच्यावर तीन रकाने असतात, वस्त्र, डाग आणि शेरा. अक्कांनी कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला.

'वस्त्र: गोलरक्षकाची जर्सी. डाग: फक्त उजवीकडे. शेरा: डावीकडेही उडी मारून पाहावी.'

'वस्त्र: चड्डी, सहा नंबर. डाग: सर्वत्र. शेरा: शाबास.'

'वस्त्र: चड्डी, नऊ नंबर. डाग: नाही. शेरा: धुवायची गरज नव्हती.'

अशा अकरा चिठ्ठ्या त्यांनी कोचच्या धुतलेल्या ट्रॅकसूटला टाचणीने लावल्या. बोचकी गेली, आणि मग त्यांना भान आलं. हातातलं गिऱ्हाईक आपण घालवलं, तेही कुठलं, तर जन्मभर वाट पाहिलेलं.

मंगळवारी कोच लॉन्ड्रीत आला. बुटका, अबोल माणूस, हातात अकरा चिठ्ठ्या. मालक चादरींच्या मागून हात जोडतच पुढे आले. "साहेब, चुकून झालं असेल. बाई जुन्या आहेत, उन्हाचा त्रास होतो त्यांना."

कोचने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. तो अक्कांसमोर स्टूल ओढून बसला. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"सामने बघता?"

"नाही. कपडे बघते."

कोचने चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळल्या. "माझ्या हाताखाली तीन माणसं आहेत. त्यातला एक दिवसभर संगणकावर आलेख काढतो. आमचा गोलरक्षक एकाच बाजूला उडी मारतो, हे तिघांतल्या एकानेही मला सांगितलं नाही."

"त्यांनी जर्सी धुतल्या नसतील," अक्का म्हणाल्या.

कोच उठला, चिठ्ठ्या नीट खिशात ठेवल्या आणि म्हणाला, "दर आठवड्याला लिहीत जा."

पाचव्या सामन्यात गोलरक्षकाने एक पेनल्टी डावीकडे झेप घेऊन अडवली आणि संघ दोन-शून्य जिंकला. हंगामातला पहिला विजय. रविवारी ती जर्सी हातात आली तेव्हा डाव्या बाजूला खांद्यापासून कमरेपर्यंत हिरवा-काळा पट्टा होता. अक्कांनी तो इस्त्रीवाल्या बाईला दाखवला, मालकांना दाखवला, पावडर विकायला आलेल्या माणसालाही दाखवला. धुवायला टाकताना त्यांच्या जिवावर आलं. यजमानांचे तर पाय जमिनीला लागेनात. पुढच्या रांगेतल्या जाड्याला त्यांनी सांगून टाकलं, की संघ आता आमच्या घरातून चालतो.

पण अति झालं की त्याचं काय होतं ते सहाव्या सामन्यात दिसलं. कोचने चिठ्ठ्या खेळाडूंसमोर मोठ्याने वाचून दाखवल्या होत्या. लॉन्ड्रीतली कुणी बाई आपल्या चड्ड्या तपासते, हे एकदा कळल्यावर सगळेच्या सगळे हादरले. त्या शनिवारी यजमान घरी आले ते डोकं धरूनच.

"तीन-शून्य. हरलो. अगं, सगळे नुसते लोळत होते. चेंडू त्या टोकाला आणि आपले तिघं या टोकाला लोळतायत. पंचाने एकाला विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून."

रविवारी बोचकी दोन माणसांनाही उचलेनात इतकी जड आली. अक्कांनी एकेक कपडा काढला. सगळं मातीमय. शेवटी नऊ नंबरची चड्डी, आणि तीही चक्क तपकिरी. क्षणभर अक्कांना बरं वाटलं. मग त्यांनी ती टेबलावर पसरली आणि चष्मा लावला.

मैदानावर पडलं की माती लागते, पण तिच्याबरोबर गवत घासलं जातं आणि हिरवा ओरखडा उठतो. इथे गवताचं नाव नव्हतं. माती भुसभुशीत, काळी, खत घातलेली. दोन्ही बाजूंना पाच-पाच बोटं स्वच्छ उमटलेली. आणि कमरपट्टीच्या शिवणीत गुलाबी फुलाची एक पाकळी.

"कुंडी," अक्का पुटपुटल्या.

त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. 'डाग: कुंडीतली माती' एवढं लिहिलं आणि शेऱ्यापाशी हात थांबला. कोचने हेही वाचून दाखवलं तर पोराची शोभा होणार. पण न लिहावं तर आजवर त्यांनी डागाबद्दल कधी खोटं लिहिलं नव्हतं. चिठ्ठी अर्धवट ठेवून त्या घरी गेल्या.

सोमवारी दुपारी एक उंच मुलगा टोपी डोळ्यांवर ओढून काउंटरशी आला. "पावती?" मालकांनी विचारलं. मुलाने टोपी आणखी खाली ओढली. टेबलापर्यंत जेलचा वास आला आणि अक्कांनी मान वर न करताच सांगितलं, "आत पाठवा त्यांना. नऊ नंबर आहेत."

तो येऊन स्टुलावर बसला. गुडघे टेबलाला लागत होते.

"काकू, ती चड्डी," तो म्हणाला.

"कुठली कुंडी होती?"

"मैदानाच्या दारातली. डावीकडची." त्याने टोपी काढली. "तुम्ही लिहिणार आहात का?"

"ते नंतर बघू. आधी मला सांगा, पडायचं एवढं वावडं का तुम्हाला?"

तो बोटं मोडू लागला. "लहानपणी मला एकच पँट होती. शाळेला तीच, खेळायला तीच. मळली की आई रात्री धुवायची, आणि ती वाळली नाही तर सकाळी ताईची घालून जावं लागायचं. तिच्यावर फुलं होती."

"फुलं?"

"मोठी मोठी. दोनदा घालून गेलो. नंतर पडलोच नाही. कुणी पाय घातला तर उडी मारायची, ढकललं तर वळायचं, पण खाली नाही जायचं. चौथीपासून पडलो नाहीये मी, काकू. त्याच्यावरच मला संघात घेतात. हा पडत नाही म्हणून."

सव्वीस वर्षांत डागाने अक्कांना फसवलं नव्हतं. पण इथे डाग नव्हताच, आणि जे नव्हतं त्यावरून त्यांनी शेरा मारला होता. त्यांची नजर त्याच्या पायांकडे गेली. दोन्ही टाचांना जाड पट्ट्या.

"हे काय झालंय?"

"मोजे टिकत नाहीत. मध्यंतरात बदलतो, तरी भोकं पडतात."

अक्का उठल्या आणि मशीनपाशी गेल्या. जाळीची पिशवी अजून धुवायची होती. त्यांनी ती जमिनीवर ओतली आणि गुडघे टेकून एकेक मोजा पाहू लागल्या. इस्त्रीवाली बाई तोंडात बोट घालून बघत राहिली. नऊ नंबरच्या दोन्ही जोड्यांना टाचा उरल्याच नव्हत्या, आणि मोजे पिळले तर पेला भरेल इतके ओले. इतक्या मोज्यांत तशी जोडी दुसऱ्या कुणाचीच नव्हती. शेवटी सहा नंबरचे मोजे हाती आले. दुकानातली घडी अजून त्यांच्यावर जशीच्या तशी होती.

अक्का मोज्यांच्या ढिगात बसून राहिल्या. मग नऊ नंबरकडे वळून म्हणाल्या, "चुकलं माझं. मी वरूनच बघत होते."

"चहा घेता का?" अक्कांनी विचारलं, आणि दोघांनी मशीनच्या घरघरीत चहा घेतला. एका थेंबाचाही डाग त्याने कुठे पाडला नाही, हे अक्कांनी पाहून ठेवलं.

त्या आठवड्यात कोचला दोनच चिठ्ठ्या गेल्या. 'वस्त्र: मोजे, नऊ नंबर. डाग: टाच उरलेली नाही. शेरा: हा सगळ्यांत जास्त पळतो. मागचा शेरा अज्ञानातून झाला, तो मागे घेते. बाकीच्यांनाही लोळायला लावू नये.' आणि दुसरी, 'वस्त्र: मोजे, सहा नंबर. डाग: नाही. शेरा: पडतात, पण जागच्या जागी.'

ही दुसरी चिठ्ठी ऐकून यजमानांनी त्या संध्याकाळी जेवण अर्धवट टाकलं. ताट उचलताना एवढंच म्हणाले, "कप्तान आहे तो. त्याला सगळ्यांना सांगावं लागतं."

"हो. उभ्याने सांगतो," अक्का म्हणाल्या.

सातवा सामना संघ परगावी जाऊन एक-शून्य जिंकला. आठव्याला अक्कांनी रजा मागितली. मालक आधी चादरींकडे बघत राहिले, मग म्हणाले, "जा. टेबलावर मी बसतो." तेवढ्या दुपारी त्यांनी तीन टेबलक्लॉथ पिवळे केले, पण ते पुढे कळलं.

अक्का यजमानांच्या शेजारी, खांबामागे बसल्या. सामना सुरू झाला आणि त्या गोंधळून गेल्या. बावीस जण एकदम इकडून तिकडे पळत होते. नुसतं बघून कोण काय करतंय हेच कळेना. कपडे कसे एका वेळी एक हातात येतात. "उद्या सांगते," त्या यजमानांना म्हणाल्या आणि शेजारच्याच्या बाहीवरचा सॉस किती जुना असेल याचा अंदाज घेऊ लागल्या.

पण नऊ नंबर त्यांना दिसला. चेंडू पायात, मागे दोघं लागलेले. एकाने खांदा मारला, तो वळला. दुसऱ्याने पाय घातला, तो उडाला आणि खाली उतरला तो उभाच. सहा नंबर हात वर करून त्याला काहीतरी सांगत होता. नऊ नंबर त्याच्यापुढून निघाला आणि खांबामागे गेला.

अक्का उजवीकडे वाकल्या, यजमान डावीकडे वाकले आणि दोघांची डोकी फाडकन एकमेकांवर आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्या काजव्यांतच सगळं मैदान उठून उभं राहिलं.

"कुणी मारला?" यजमानांनी कपाळ चोळत विचारलं.

पुढच्या रांगेतला जाड्या नाचत होता. "नऊ नंबरनं."

तेवढ्यात खांबाच्या दुसऱ्या बाजूने नऊ नंबर बाहेर आला. धावत नव्हे. हात पसरून, गुडघ्यांवर घसरत, मग पोटावर, ओल्या गवतातून थेट कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत. त्याच्यावर बाकीचे दहा जण पडले.

"गेली," अक्का म्हणाल्या.

"काय गेली?"

"चड्डी."

प्रतिस्पर्ध्यांनी बरोबरीचा गोल केला तो उजव्या बाजूला, जिथून सगळं लख्ख दिसतं. यजमानांनी सवयीने आधीच डोळे मिटले होते. सामना एक-एक सुटला. लोक उठू लागले, पण अक्का उलट दिशेला, खेळाडूंच्या दाराकडे निघाल्या. पहारेकऱ्याने अडवलं.

"सही नको आहे मला," अक्का म्हणाल्या. "गवताचा डाग वाळायच्या आत भिजवावा लागतो. आतून चड्डी मागवा."

पहारेकऱ्याच्या नोकरीत असं काही कुणी मागितलं नव्हतं. तो आत जाऊन कोचला विचारून आला. थोड्या वेळाने नऊ नंबर स्वतःच टॉवेल गुंडाळून आला आणि पिशवी पुढे केली. टाचांच्या पट्ट्या सुटलेल्या, केसांत माती, आणि तोंडभर हसू.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

अक्कांनी पिशवीत डोकावून पाहिलं. गवत, माती, मैदानावरच्या रेषांचा चुना, सगळं खरं होतं. "निघेल," त्या म्हणाल्या. "पण रोज नको."

पिशवी यजमानांच्या हातात देऊन त्या चालू लागल्या. रस्ताभर यजमानांचा हिशेब चालला होता. आज वरच्या चार जणांपैकी दोघं हरले, उद्या तिसरा अडखळला, तर आपण अकरावे आहोत ते आठवे होऊ, आणि तिथून काय, वर जायला वाट मोकळीच. कोपऱ्यावरच्या टपरीशी जाड्या चहा पीत उभा होता. त्याने हाक मारली.

"वहिनी, संघ तुमच्या घरातून चालतो म्हणे. काय वाटतं यंदा?"

यजमान तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कांनी त्यांच्या हातातली पिशवी सरळ केली आणि म्हणाल्या, "अजून लवकर आहे, भाऊ. तीस सामने व्हायचेत."

असं म्हणताना त्या कपाळावरचं टेंगूळ चोळत होत्या आणि गालातल्या गालात हसत होत्या.